लॉनला चुना आधी की खत आधी? आणि मधे किती दिवस सोडायचे?

हिरवळ_हवी:
नमस्कार मंडळी. घरापुढे साधारण ६०० स्क्वेअर फुटांचं लॉन आहे, बरंच जुनं. आधी छान दाट होतं, आता जागोजागी पिवळट पडलंय, भिंतीकडच्या बाजूला शेवाळ दिसतंय आणि कापल्यावर पूर्वीसारखं पटकन भरून येत नाही. शेजारचे काका म्हणाले माती आंबट झालीय, चुना टाका. माळीदादा म्हणतात चुनाबिना काही नको, युरिया मारा, आठवड्यात हिरवंगार होईल. मी आपली दोघांचंही मन राखायला एक चुन्याचं पोतं आणि युरिया दोन्ही आणून ठेवलंय 😅 आता प्रश्न असा की दोन्ही एकदम टाकलं तर चालतं का, नसेल तर आधी काय, मधे किती दिवस जाऊ द्यायचे, आणि वर्षात नेमकं कधी टाकायचं? नेटवर वाचलं तर एक जण म्हणतो दोन आठवडे थांबा, दुसरा म्हणतो दोन महिने, तिसरा म्हणतो एकाच दिवशी टाका काही होत नाही. डोकं फिरलंय.

खुरपं:
एवढा विचार कशाला करताय, दोन्ही एका घमेल्यात कालवा, फेका आणि पाणी मारा. गवतच आहे ते, वाढतंच.

रसायनवाला:
@खुरपं भाऊ, कालवू नका हो प्लीज, निदान घमेल्यात तरी नको. कारण सांगतो. खतातला नत्र (नायट्रोजन) अमोनियमच्या रूपात असला की तो मातीच्या कणांना धरून बसतो आणि मुळांना हळूहळू मिळतो. पण आजूबाजूला अल्क वाढलं, म्हणजे सामू (pH, ७ च्या खाली आंबट आणि वर अल्क) वर गेला, की त्याच अमोनियमचा अमोनिया वायू होतो आणि वायू झाला की तो तुमचा राहिला नाही, गेला हवेत. चुन्याचं कामच सामू वर न्यायचं आहे. म्हणजे एका हाताने नत्र टाकायचा आणि दुसऱ्या हाताने उडवून लावायचा.

खात्री करायची असेल तर अंगणात, मोकळ्या हवेत करून बघा. चमचाभर अमोनियम सल्फेट घ्या, त्यावर चमचाभर विरलेला चुना (भिंतींना लावतात तो), चार थेंब पाणी, काडीने ढवळा. लगेच नाकात आणि डोळ्यात झणझणीत जातं. तोंड वर धरू नका, लांबूनच वास घ्या. तो जो वास येतो ना, तेच तुमचं खत.

युरियाचा प्रकार थोडा वेगळा. कोरडा युरिया आणि कोरडा चुना एकत्र केला तर लगेच वास येणार नाही, त्यामुळे लोकांना वाटतं काही होत नाही. युरियाचा आधी अमोनियम व्हावा लागतो, ते काम मातीतलं आणि गवताच्या वाळक्या काड्यांवरचं युरिएज नावाचं एन्झाइम करतं, उबदार ओलसर हवेत काही दिवसांतच. आणि गंमत म्हणजे हे होताना युरियाच्या दाण्याभोवतीचा सामू आपोआपच वाढतो, चुना नसला तरी! म्हणून नुसता युरियासुद्धा वर पडून राहिला की उडतो. त्यात वरच्या थरात ताजा चुना असला की आगीत तेल.

स्फुरदवालं (फॉस्फरसचं) खत असेल (डीएपी, सुपर फॉस्फेट वगैरे) तर तिथे वेगळं नुकसान, ताज्या चुन्यातलं कॅल्शियम त्याला धरून न विरघळणारं करून ठेवतं. पोटॅशला मात्र चुन्याचं काही वावडं नाही.

थोडक्यात, आधी चुना, भरपूर पाणी, मग दोनतीन आठवड्यांनी नत्राचं खत. उलटं करायचं असेल, म्हणजे खत आधी गेलं असेल, तरी तेवढाच गॅप ठेवा.

दवबिंदू:
रसायनवाला दादांचं सगळं बरोबर आहे पण ताई तुमच्या प्रश्नाच्या आधीचा एक प्रश्न राहिलाय. चुना हवाय का, हेच अजून ठरलेलं नाही. शेवाळ दिसलं म्हणजे माती आंबट हे जे सगळीकडे सांगतात ते अर्धवट आहे. शेवाळ येतं सावलीमुळे, ओल धरून राहिल्यामुळे, पायाखाली माती दडपून घट्ट झाल्यामुळे, गवत विरळ झाल्यामुळे. तुमचं शेवाळ भिंतीकडेच आहे म्हणताय, म्हणजे सावली असणार तिथे. अल्कधर्मी मातीतसुद्धा मी भरभरून शेवाळ बघितलंय.

पिवळेपणाही नीट बघा. खाली वाका आणि एक काडी उपटून हातात घ्या. जुनी खालची पानं आधी पिवळी पडत असतील आणि वरची कोवळी पानं त्यातल्या त्यात हिरवी असतील तर नत्र कमी पडतोय. उलट कोवळं पानच पिवळं आणि त्यात शिरा हिरव्या अशी रेघारेघांची नक्षी असेल तर लोह मिळत नाहीये, आणि ते बहुतेक वेळा सामू जास्त असला की होतं. अशा ठिकाणी चुना टाकला तर अजून पिवळं होणार.

माती तपासून घ्या आधी. लॉनच्या दहाबारा ठिकाणांहून, वरचं गवत बाजूला करून, साधारण ४ इंच खोलीपर्यंतची माती थोडी थोडी काढा, एका स्वच्छ प्लास्टिकच्या बादलीत मिसळा, सावलीत वाळवा, त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेत द्या. आणि त्यांना सांगा की नुसता सामू नको, चुन्याची गरज किती तेपण काढून द्या. हे महत्त्वाचं आहे कारण सामू सारखाच असला तरी रेताड मातीला थोडका चुना पुरतो आणि चिकण मातीला त्याच्या दुप्पटतिप्पट लागू शकतो. सामूवरून पोत्यांचा हिशोब होत नाही.

मातीमोल:
+१ दवबिंदू. आणि पाणी कुठलं देता तेपण बघा. बोअरचं जड पाणी असेल, नळाच्या तोंडाशी पांढरा थर जमत असेल, तर त्या पाण्यातूनच वर्षानुवर्षं थोडा थोडा चुना लॉनला जातोय. अशा लॉनचा सामू बऱ्याचदा ७ च्या वरच निघतो. एक फुकटातली टेस्ट आहे, वाळलेल्या मातीवर व्हिनेगरचे थेंब टाका, फसफसलं तर मातीत चुनखडी आहेच, पोतं परत करा. फसफसलं नाही म्हणजे आंबट आहे असं मात्र नाही हं, मग प्रयोगशाळेतच जायचं.

खुरपं:
बापरे गवतासाठी प्रयोगशाळा. करा बाबा करा 😀 मी सांगितलं ते मी करत आलोय आणि माझं लॉन जिवंत आहे.

रसायनवाला:
@खुरपं जिवंत असणारच, कारण तुमचं खत अर्धं उडालं तरी अर्धं पोचतंय. मुद्दा गवत मरण्याचा नाहीच, पैसे आणि मेहनत वाया जाण्याचा आहे.

हिरवळ_हवी:
सगळ्यांचे खूप आभार! माती तपासून आणली, उशीर झाला उत्तर द्यायला. रिपोर्ट असा आलाय: सामू ५.४, नत्र कमी, स्फुरद मध्यम, पालाश (पोटॅश) कमी. चुन्याची गरज माझ्या ६०० फुटांसाठी चुनखडीची पूड २० किलो असं लिहिलंय. म्हणजे शेजारचे काका जिंकले 😄 पण माळीदादाही अगदीच चुकीचे नव्हते. आता २० किलो एकदम टाकू का? आणि माझ्या पोत्यावर नुसतं ‘चुना’ एवढंच आहे, पांढराशुभ्र, अगदी मऊ पिठासारखा, हाताला लावला तर थोडं चुरचुरतं. हा तोच ना?

दवबिंदू:
थांबा थांबा थांबा. हाताला चुरचुरतो म्हणजे ती चुनखडीची पूड नाही, तो विरलेला चुना दिसतोय, भिंती रंगवायला वापरतात तो. उभ्या गवतावर तो टाकू नका. चुना या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकतात आणि सगळी गडबड तिथेच होते.

कळीचा चुना म्हणजे भट्टीतून निघालेला, ढेकळांचा, पाणी लागलं की तापतो, उकळतो. तो लॉनच्या जवळपासही नको, डोळ्यात गेला तर डोळा जाईल. त्यावर पाणी मारून शांत केला की विरलेला चुना. तो झपाट्याने काम करतो पण पान जाळतो, आणि रसायनवाला दादांनी सांगितलेला अमोनियाचा खेळ याच्याबरोबर सगळ्यात जोरात चालतो. तिसरी चुनखडीची पूड, दगड नुसता दळलेला, कॅल्शियम कार्बोनेट. करडी किंवा मळकट पांढरी, हाताला काही होत नाही, हळू काम करते, आणि लॉनसाठी हीच हवी. डोलोमाइट हा तिचाच भाऊ, त्यात मॅग्नेशियमपण असतं, रिपोर्टमधे मॅग्नेशियम कमी आलं असेल तर तो घ्या नाहीतर साधी चुनखडी पुरे. दाणेदार मिळाली तर अजून बरं, धूळ उडत नाही आणि हात सारखा बसतो.

किलोचा हिशोबही बदलतो. शुद्ध चुनखडीची ताकद १०० धरली तर विरलेल्या चुन्याची साधारण १३५ आणि कळीच्या चुन्याची जवळजवळ १८० आहे. रिपोर्टमधले २० किलो चुनखडीचे आहेत, तुमच्या पोत्यातल्या पावडरीचे नाहीत.

आणि एक, कुणी जिप्सम सुचवलं तर त्याने कॅल्शियम मिळेल पण सामू हलणार नाही. आंबटपणा घालवायला ते उपयोगाचं नाही.

काडीकचरा:
२० किलो एकदम नको ताई. तयार लॉनवर एका वेळी १०० स्क्वेअर फुटाला सव्वादोन किलोच्या वर चुनखडी टाकू नये असा सर्वसाधारण नियम आहे, म्हणजे तुमच्या लॉनला एका वेळी साडेतेरा किलो ही कमाल मर्यादा. १०-१० किलोचे दोन हप्ते करा आणि मधे सहा महिने ठेवा. चुनखडी पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे वरून टाकलेली वरच्याच थरात अडकून बसते आणि फार सावकाश खाली जाते. एकदम लादली तर वरचा अर्धा इंच अल्क आणि खाली मुळांशी आंबट ते आंबटच. नवीन लॉन लावताना मात्र सगळा चुना एकदम टाकून चारसहा इंच खोल मिसळता येतो, तिथे ही अडचण नसते. म्हणून लॉन लावायच्या आधीच माती तपासून घ्यावी, पण तेव्हा कोण तपासतं.

जमलं तर चुना टाकायच्या आधी लॉनला भोकं पाडून घ्या, तो काट्याचा रूळ नव्हे, मातीच्या छोट्या कांड्या बाहेर काढणारं मशीन असतं त्याने. चुना त्या भोकांतून थेट खाली जातो. माती दडपलेली असेल तर शेवाळालाही त्यानेच फरक पडेल.

रसायनवाला:
आता वेळेचं. मी वरती जे दोनतीन आठवडे म्हटलं त्यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण ताईंनी नेटवर वाचलेली तिन्ही उत्तरं आपापल्या जागी खरी असू शकतात. विरलेला चुना आणि युरिया किंवा अमोनियम सल्फेट असेल तर अंतर जास्तच ठेवावं. चुनखडीची पूड असेल तर ती इतकी हळू काम करते की धोका बराच कमी होतो, आणि खत नायट्रेटच्या रूपातलं असेल, कॅल्शियम नायट्रेटसारखं, तर अमोनिया व्हायचा प्रश्नच येत नाही. म्हणून ‘एकाच दिवशी टाकलं काही झालं नाही’ म्हणणारा खोटं बोलत नसतो, त्याच्याकडे वेगळा चुना आणि वेगळं खत असतं. आपल्याला घरगुती लॉनसाठी कशाला बारकावे, दोन आठवडे सोडले की सगळ्यात बसतं.

पण खरं सांगू का, हा दिवसांचा गॅप ही त्यातली छोटी गोष्ट आहे. मोठी गोष्ट ही की चुन्याचं वेळापत्रक मातीचं आहे आणि खताचं गवताचं. चुना आज टाकला तर सामू हलायला काही महिने लागतात, पूर्ण परिणामाला वर्षसुद्धा लागतं. म्हणून तो गवताची वाढ मंदावलेली असते त्या काळात टाकून मोकळं व्हायचं, पुढचा वाढीचा हंगाम येईपर्यंत तो आपलं काम करत बसतो. खताचं उलट, गवत जोरात वाढत असेल तेव्हाच द्यायचं, झोपलेल्या गवताला दिलेला नत्र मुळं घेत नाहीत, तो एकतर उडतो नाहीतर वाहून जातो नाहीतर तणाला मिळतो. अशी विभागणी केली की दोघांची गाठ पडायचा प्रश्नच उरत नाही, दोन आठवडे मोजत बसावं लागत नाही.

गवतफुल्या:
गवत कुठलं ते कुणीच विचारलं नाही अजून! हरळी, झोयशिया ही उष्ण हवेतली गवतं. ती थंडीत झोपतात, उन्हं तापली की सुटतात. त्यांना पहिलं खत पूर्ण हिरवी झाल्यावर, मग वाढीच्या काळात महिनादीड महिन्याने, आणि थंडी सुरू व्हायच्या महिनाभर आधी नत्र बंद. राय, फेस्क्यू, ब्लूग्रास ही थंड हवेतली. त्यांचा मुख्य डोस उन्हाळा संपल्यावर, थंडीच्या तोंडावर, आणि एक हलका थंडी ओसरल्यावर. भर उन्हाळ्यात त्यांना नत्र देऊ नका, रोग येतात.

अजून एक महत्त्वाचं. बहुतेक लॉनना ६ ते ७ सामू आवडतो पण कार्पेट ग्रास आणि सेंटिपीड ही आंबट मातीतलीच गवतं आहेत, ५ ते ६ मधे खुश असतात. तुमचं रुंद पानाचं, आडवं पसरणारं कार्पेट ग्रास असेल तर ५.४ हा सामू आजार नाहीये, मग चुन्याचं पोतं विसरा आणि फक्त खताकडे बघा.

हिरवळ_हवी:
@गवतफुल्या बारीक पान, जमिनीवरून दोऱ्यासारखे फुटवे पळतात आणि कुठेही मूळ धरतात, थंडीत तपकिरी पडतं. हरळीच असावी ना? युरिया किती टाकायचा तेपण सांगा कुणीतरी, माळीदादा मुठीने मोजतात.

गवतफुल्या:
हो हरळीच. मग चुना हवा तुम्हाला.

काडीकचरा:
युरियाचा हिशोब सोपा आहे. एका वेळी १०० स्क्वेअर फुटाला साधारण ४५ ग्रॅम नत्र. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे १०० फुटाला १०० ग्रॅम युरिया, तुमच्या लॉनला एका वेळी ६०० ग्रॅम. बस. वजनकाट्यावर एकदा मोजून बघा, ६०० ग्रॅम एवढासाच दिसतो, ६०० फुटांवर कसा पुरणार असं वाटतं आणि मग लोक अजून दोन मुठी घालतात आणि लॉन जळतं. कोरड्या वाळूत मिसळून टाका म्हणजे हात सारखा पडेल. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के) वापरणार असाल तर तेवढ्याच नत्रासाठी १०० फुटाला साधारण २४० ग्रॅम लागेल. तुमच्याकडे पालाश कमी आहे म्हणून पोटॅशचाही विचार करा, ते चुन्याच्या आगेमागे कधीही गेलं तरी चालतं, फक्त तेही क्षारच आहे, कमी प्रमाणात आणि लगेच पाणी.

टाकायची पद्धत, अर्धं उभं चालत आणि उरलेलं अर्धं आडवं चालत. एकाच दिशेने टाकलं की दहा दिवसांनी लॉनवर हिरवे-पिवळे पट्टे उठतात आणि येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो हे डिझाइन मुद्दाम केलंय का.

दवबिंदू:
वेळ दिवसातली पण सांभाळा. पानावर दव असताना किंवा नुकतं पाणी दिलेलं असताना युरिया टाकला की दाणा पानाला चिकटतो, तिथेच विरघळतो, आणि दोन दिवसांनी त्या जागी पानाचं टोक वाळून तपकिरी होतं. बारीक बारीक ठिपके दिसतात लॉनभर, लोकांना वाटतं कीड आली. पान कोरडं, माती मात्र वाफशावर (ओलसर, पण चिखल नाही), अशा वेळी टाका, म्हणजे शक्यतो संध्याकाळी, आणि लगेच पाणी द्या. पाणी म्हणजे नुसतं शिंपडणं नाही. युरिया मातीत उतरायला साधारण पाव ते अर्धा इंच पाणी लागतं. स्प्रिंकलरखाली एक सरळ भिंतीचा रिकामा डबा ठेवा, त्यात तेवढं साचलं की बंद करा. अर्धवट ओलं करून सोडलं तर ते सगळ्यात वाईट, दाणा विरघळतो पण वरच राहतो आणि उडून जातो.

चुनाही कोरड्या पानावरच टाका आणि नंतर पाणी देऊन पानं धुऊन काढा. तोंडाला फडकं, डोळ्याला चष्मा. वारा असेल त्या दिवशी पूड टाकू नका, अर्धी शेजाऱ्यांच्या गाडीवर जाईल. पाणी देऊन गवत सुकेपर्यंत मुलं आणि कुत्री लॉनवर सोडू नका. सुकून माना टाकलेल्या गवतावर यातलं काहीच टाकायचं नाही, आधी नुसतं पाणी देऊन त्याला उभं करा.

मातीमोल:
एक मुद्दा राहिला. सामू ५.४ झाला कसा? माती मुळातच आंबट असू शकते, पाऊस भरपूर असेल तर कॅल्शियम धुपून जातं, ते आपल्या हातात नाही. पण अमोनियमवाली खतं स्वतःच माती आंबट करतात, हे कुणी सांगत नाही. १ किलो अमोनियम सल्फेटने जो आंबटपणा येतो तो मारायला साधारण १.१ किलो चुनखडी लागते. युरिया त्या मानाने सौम्य, पण त्यालाही किलोमागे ८०० ग्रॅमच्या वर लागतेच. म्हणजे माळीदादा वर्षानुवर्षं मुठीने जे टाकत आलेत त्याचंच बिल आता चुन्याच्या रूपाने येतंय. तुमचा सामू वर येईपर्यंत अमोनियम सल्फेट तरी टाळा. आणि कापलेलं गवत उचलून फेकू नका, बारीक कापून तिथेच पडू द्या, वर्षभराच्या नत्राचा साधारण चौथा हिस्सा त्यातूनच परत मिळतो. तेवढा युरिया कमी, तेवढा आंबटपणा कमी.

लाकडाची राख घरी असेल तर तीही सामू वाढवते, साधारण चुनखडीच्या निम्म्या ताकदीने. ती टाकणार असाल तर चुन्यातच धरा, वेगळी ‘ऑरगॅनिक’ म्हणून वरून नको. आणि राखेलाही युरियापासून लांबच ठेवा, नियम तोच. ताज्या कोंबडीखतालाही तोच, त्यातही अमोनियम भरपूर असतं.

हिरवळ_हवी:
@मातीमोल माळीदादांना हे वाचून दाखवलं, ते म्हणाले ‘मग इतकी वर्षं हिरवं कसं होतं?’ 😂

बरं मला समजलं ते असं. हे पोतं बदलून चुनखडीची पूड आणायची. आता थंडी संपत आलीय, गवत अजून तपकिरीच आहे, तर या आठवड्यात भोकं पाडून १० किलो चुनखडी आणि पाणी. गवत पूर्ण हिरवं झालं की ६०० ग्रॅम युरिया, तोपर्यंत दोन आठवडे सहज उलटून जातील. दुसरे १० किलो सहा महिन्यांनी. बरोबर? आणि एक शंका, सहा महिन्यांनी दुसरा हप्ता टाकायच्या वेळी तर गवत वाढत असेल आणि खत चालू असेल, मग तेव्हा काय?

रसायनवाला:
बरोबर. दुसऱ्या हप्त्याच्या वेळी खताच्या दोन डोसांच्या मधली जागा धरा, दीड महिन्याचं अंतर असतंच, त्यात मधोमध चुना. किंवा सरळ पुढच्या थंडीपर्यंत थांबा, काही बिघडत नाही, चुन्याला घाई नसते. त्याआधी माती परत एकदा तपासा, सामू ६ च्या वर गेला असेल तर दुसरा हप्ता कमी करा किंवा टाळा. वाढलेला सामू खाली आणणं चुना टाकण्यापेक्षा कितीतरी किचकट काम आहे. नमुना देताना खताच्या किंवा चुन्याच्या लगेच नंतरची माती देऊ नका, आकडे भलतेच येतील.

हो, आणि या हंगामात लॉन एकदम पोपटी हिरवं झालं तर ते युरियामुळे असेल, चुन्यामुळे नाही. माळीदादा म्हणतील बघा मी सांगत होतो. म्हणू दे.

खुरपं:
माळीदादांच्या बाजूने मी आहे 😀 पण एक खरा प्रश्न विचारतो, कारण आता मीपण टाकणार आहे. चुना टाकला आणि त्याच रात्री धो धो पाऊस आला तर?

काडीकचरा:
चुनखडीला पावसाने काही होत नाही, उलट बरंच, फक्त लॉनला उतार असेल तर पूड वाहून खाली एका कोपऱ्यात साचेल, तेवढं झाडूने पसरून घ्या. युरियाच्या बाबतीत मात्र जोराच्या पावसाचा अंदाज असेल तर पोतं उघडूच नका. रिमझिम चालेल, ती तुमचं पाणी द्यायचं काम वाचवते. धो धो पावसात युरिया सरळ गटारात जातो. आणि खुरपं भाऊ, आधी माती तपासा.

खुरपं:
व्हिनेगर टाकून बघितलं. फसफसलं 🙈

मातीमोल:
मग तुम्हाला चुना नकोच. फक्त युरिया, मोजून, आणि वर पाणी.